इंजिनातली तडतड

आबा, परवा तुमची फार गरज पडली. खरं सांगायचं तर तुमची थोडी कमी आणि तुमच्या त्या इंजिन ऐकायच्या टेटसकोपची जास्त. रागावू नका. तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं झाली, माणूस नसण्याची सवय होते. पण हत्यार जागेवर नसलं की अजून माझं डोकं फिरतं, आणि हे दुखणं तुमच्याकडूनच आलेलं आहे. शुक्रवारी मी गॅरेजमधले सगळे ड्रॉवर उपसले, जुन्या बेअरिंगांच्या डब्यात हात घातला, दिसेल त्याच्यावर ओरडले, आणि शेवटी ते सापडलं कुठं, तर आईच्या लोखंडी कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली. इथं कशाला ठेवलंस म्हणून विचारलं तर म्हणते, "तुजं काय खरं न्हाई. त्येंची पक्कड कुणाला तरी देऊन टाकलीस, तसं ह्येबी देशील." पक्कड मी दिली नव्हती, ती हरवली होती, पण आईशी वाद कोण घालणार? तिनं पदरानं ते पुसून माझ्या हातात ठेवलं आणि वर विचारलं, "कुणाला बरं न्हाई?" गाडीला, असं मी म्हटलं तेव्हा तिला ते अगदी साधं वाटलं.

आता सुरुवातीपासून सांगते. मधूनच सांगितलेलं तुम्हाला चालायचं नाही, गिऱ्हाईक "गाडी बंद पडली" म्हणत आलं की तुम्ही म्हणायचात, "ती चालू कवा झाली, तिथनं सांगा." तर गाडी चालू झाली दोन वर्षांपूर्वी. तुम्हाला एक नात आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही, तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. नाक तुमचं आहे, हट्ट आईचा आहे, आणि तोंड माझं आहे असं तुमचे जावई म्हणतात. जावई बँकेत आहेत, चांगले आहेत, पण त्यांना गाडीत बसलं की फक्त झोप येते. पोरगी मात्र सांगलीला इंजिनिअरिंग करत असल्यापासून दर शनिवारी कराडच्या आमच्या गॅरेजात येऊन हात काळे करते. एका मास्तरांनी विकायला काढलेली एक जुनी, बारकी पेट्रोल गाडी आम्ही मायलेकींनी उभी केली. इंजिन खोललं, चांगल्या पिस्टनांनी परत बांधलं, आणि त्याला टर्बो बसवला. टर्बो तुमच्या वेळी ट्रकला असायचा, शिट्टी मारत चढ चढायचा. तोच आता बारक्या पेट्रोल गाडीला बसतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवा, जादा पेट्रोल, जादा ताकद, आणि काही चुकलं तर जादा नुकसान.

ही सगळी खटपट एका सकाळसाठी. पाटणच्या वर, पवनचक्क्यांच्या पठारावर जाणारा जो रस्ता आहे, तो रविवारी सकाळी रहदारीला बंद करून तिथं गाड्यांच्या चढाईची शर्यत होती. एकेक गाडी खालून सोडायची आणि वर पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं. पोरीला दिवाळीनंतर चेन्नईला नोकरीवर हजर व्हायचं आहे. तिकडं गेल्यावर कुठली रजा आणि कुठलं गॅरेज? म्हणजे काय ते यंदाच. दोन वर्षं तिनं त्या एका चढणीसाठी काढली होती, रस्त्याची वळणं तिला तोंडपाठ होती, भाजी चिरताना सुद्धा ती उजवं-डावं पुटपुटायची. आणि शर्यत दोन दिवसांवर आली असताना, शुक्रवारी सकाळी, लॅपटॉप म्हणायला लागला की इंजिन ठोकतंय.

ठोकणं म्हणजे काय हे मला तुमच्याकडूनच कळलं, आणि तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. धाकट्या आत्याचं लग्न पाटणच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावी. तुम्ही पलटणीतून पेन्शनीवर येऊन घेतलेली ती पेट्रोल जीप, तिच्यात माणसं अशी कोंबलेली की माझा एक पाय कुठाय तेच मला कळत नव्हतं. बायका गाणी म्हणतायत, नवरी मधोमध बसून मुंडावळ्या सांभाळतेय, जीप चढाला लागते, आणि तुम्ही एकदम ओरडता, "गप बसा समद्यांनी!" गाणं तोंडातल्या तोंडात विरतं. आत्याला वाटतं आपल्यालाच बोलले, ती रडायला लागते. आणि त्या शांततेत इंजिनातून येतोय आवाज, फोडणीत मोहरी टाकल्यावर तडतडते ना, अगदी तसा. तुम्ही मागं वळून एवढ्या माणसांतून मलाच विचारता, "ऐकलंस?" मी मान हलवते. आई म्हणते, "पेट्रोलात कुणीतरी राकेल घातलंया." तुम्ही उतरलात, बॉनेट उघडलं, हाताला धोतराचा सोगा गुंडाळून ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर केसभर मागं फिरवला आणि मला सांगितलं, की ठिणगी पडून जाळ नीट पसरायच्या आत कोपऱ्यातलं पेट्रोल आपणहून भडकलं की पिस्टनच्या टाळक्यात हातोडा बसतो, म्हणून ठिणगी जरा उशिरा पडू द्यायची. भर चढावर, नवरी रडत असताना, हे सगळं तुम्ही मला सावकाश समजावलं. मुहूर्त टळला, तिकडचे पाव्हणे फुगून बसले होते. आत्याचा संसार झकास झाला ती गोष्ट वेगळी.

त्यानंतर मी तुमच्या गॅरेजातून हललेच नाही. शाळा सुटली की दप्तर ट्यूबच्या ढिगावर आणि मी बॉनेटखाली. एकदा तुम्ही चहाला गेला होतात आणि एका डॉक्टरांची गाडी दुरुस्त होऊन उभी होती. मी आत बसले, चालू केली आणि नुसती रेस करत बसले. कशासाठी म्हणून नाही, आवाज छान येत होता म्हणून. तुम्ही रस्त्यापलीकडून कपबशी हातात घेऊन तसेच पळत आलात. "पेट्रोल काय हिरीतनं शेंदायचं हाय व्हय? कामापुरतं ऐकायचं आन् बंद करायचं! शौक म्हणून इंजिन ऐकतंय का कुणी?" मारलं नाहीत, पण चार माणसांदेखत बोललात आणि बशीतला चहा माझ्या फ्रॉकवर सांडला. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच मला एका जीपचा आवाज ऐकायला बोलावलंत आणि मी अशी धावले की जणू काही झालंच नव्हतं.

आणि दहावी पास झाल्यावरची भेट! माझ्या मैत्रिणींना घड्याळं मिळाली, एकीला सायकल. तुम्ही कागदात गुंडाळून आणलात टेटसकोप. तालुक्याच्या दवाखान्यातला जुना, कंपाउंडरकडून मागून आणलेला. त्याची छातीला लावायची चकती काढून तुम्ही तिथं ब्रेकची तांब्याची नळी बसवली होती, टोक इंजिनावर टेकवायला. मी तो लगेच कानांत घातला. पण तोवर थोरल्या काकूनं दारातून तो बघितला होता आणि दिवेलागणीच्या आत गावभर झालं की मेकॅनिकची पोरगी डॉक्टर होणार. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी पोटात दुखतंय म्हणून दारात. आई तिला चहा पाजून वाटेला लावतेय, तुम्ही खाली मान घालून गदगदा हसताय, आणि मी परड्यात कोंबड्यांच्या छातीला नळी लावून ऐकतेय. कोंबडीचं काळीज लय जोरात पळतं, आबा. तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

आता नळीची गरज फारशी पडत नाही. इंजिनाच्या ब्लॉकवर रुपयाएवढा एक सेन्सर बोल्टनं घट्ट बसवलेला असतो. त्याला बाकी काही कळत नाही, तो नुसता ऐकतो. मोहरी तडतडायला लागली की गाडीतल्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि कॉम्प्युटर ठिणगी मागं घेतो, तुम्ही धोतराचा सोगा गुंडाळून घ्यायचात तशीच, पण डोळ्याचं पातं लवायच्या आत. ताकद तेवढी कमी होते, इंजिन वाचतं. माझं काम म्हणजे गाडी रोलरवर जागच्या जागी पळवायची, लॅपटॉपवर रेघा बघायच्या आणि ठरवायचं की ठिणगी कुठवर पुढं नेली तर ताकद मिळेल आणि मोहरी तडतडणार नाही. टर्बोच्या गाडीला हे फार जपून करावं लागतं. पोरीची गाडी मी दसऱ्याच्या आधीच अशी जमवून ठेवली होती. ठोकण्याची रेघ तळाला सपाट, निजलेली. मी तिला म्हटलंसुद्धा, "आता हिला हात लावायचा नाही. शर्यतीच्या आधी एकदा बघू, बास."

मधे खंडेनवमी आली. तुम्ही पाने-पक्कडी पाटावर मांडून पूजा करायचात. मी रोलर पुसते, लॅपटॉप मांडते. आईचं आता वय झालंय, पण त्या दिवशी ती कोणाला पुढं होऊ देत नाही. प्रत्येक यंत्राला हळद, कुंकू, फूल. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याच्या भोकावर तिनं बरोब्बर कुंकू टेकवलं, त्यामुळं पुढं आठवडाभर मी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना लालेलाल दिसत होते. शेवटी ती पोरीच्या गाडीपाशी गेली. बॉनेट उघडायला लावलं आणि आम्हाला म्हणाली, "तुमी परसाद वाटा जावा. माजं मी करती." बराच वेळ ती वाकून काहीतरी करत होती. मला वाटलं देवाचं म्हणतेय. बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत हात काळा होता आणि चेहरा असा समाधानी की मी कौतुकानं बघत राहिले.

तर शुक्रवार. शेवटची तपासणी म्हणून गाडी रोलरवर घेतली. इंजिन मिनिटाला साडेचार हजार चकरांच्या वर गेलं आणि निजलेली रेघ उठून उभी राहिली. चारही सिलिंडर एकदम. कॉम्प्युटर बिचारा ठिणगी मागं मागं घेत सुटला आणि गाडी जोर लावायचा सोडून कण्हायला लागली. मी ठिणगी मागं घेऊन बघितलं, फरक नाही. टर्बोचा दाब उतरवला, फरक नाही. टाकी रिकामी करून शर्यतीचं भारी पेट्रोल भरलं, प्लग बदलले, काही म्हणजे काही फरक नाही. खरं ठोकणं असं नसतं, आबा, तुम्हाला ठाऊक आहे. ते ठिणगी मागं घेतली की दबतं, चांगलं पेट्रोल दिलं की गप्प बसतं. हे निगरगट्टासारखं जागचं हलेना. मला संशय आला की हे ठोकणं नव्हेच. पण नुसत्या संशयावर पोटच्या पोरीला घाटात सोडता येत नाही. टर्बोच्या जोरात खरंच ठोकत असलं तर एका मिनिटात पिस्टन फुटतो, आणि तो कुठल्या वळणावर फुटेल ते काय आपल्याला विचारून?

आई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली होती. "काय झालं गं? पोरीचं त्वांड का उतरलंया?"

"गाडी ठोकतीया, आई."

"राकेल घातलंय का कुणी?" तिनं अगदी मनापासून विचारलं.

पोरगी ड्रायव्हरच्या जागेवर बसून होती. ती म्हणाली, "मम्मी, सेन्सरच बंद करू या. एकच तर चढण आहे. तो ऐकणारच नाही, मग ताकद कमी होणार नाही." मी भडकले. म्हटलं, "कानात बोळे घालून गाडी चालवणार तू? माझ्या गॅरेजातून?" ती म्हणाली, "मग काय करू? घरी बसू?" मी म्हटलं, "बसावं लागलं तर बसायचं!" माझा आवाज चढला होता, मलाच ऐकू येत होता. तिनं हेल्मेट काढून फळीवर ठेवलं, बाहेरच्या नळावर गेली आणि हात धूत राहिली. हात स्वच्छ झाले तरी धूत राहिली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिले, आबा. दोन वर्षांत ती एकदाही कुरकुरली नव्हती. तेव्हाच मला तुमच्या नळीची आठवण झाली आणि मी ड्रॉवर उपसायला लागले.

तसे आमच्याकडे विजेवर चालणारे कानाला लावायचे हेडफोन आहेत, महागाचे. पण ते बाकीचे सगळे आवाज गाळून फक्त ठोकण्याच्या पट्टीतलं ऐकवतात, म्हणजे सेन्सरला जे ऐकू येतं तेच पुन्हा. त्यातून नुसती कचकच येत होती. तुमच्या नळीला गाळणी नाही, इंजिनात जे आहे ते सगळं येतं. मी रबराची नवी लांब नळी जोडली, तांब्याचं टोक सेन्सरशेजारी ब्लॉकला घट्ट अडकवलं, हलणाऱ्या भागांपासून लांब उभी राहिले आणि पोरीला म्हटलं, "घे वर." पहिल्या फेरीला सगळा गदारोळ. वॉल्व्हची टकटक, पंपाची घरघर, टर्बोची शीळ. इतक्या वर्षांत कान मऊ झाले होते. दुसऱ्या फेरीला कान जरा तयार झाले आणि एकेक आवाज बाजूला व्हायला लागला. मोहरी नव्हती. कुठंच नव्हती. साडेचार हजारांच्या वर त्या सगळ्या दणदणाटाखाली दुसरंच काहीतरी सुरू होत होतं, बारीक, पितळी, आणि काय सांगू, गोड. छुन् छुन् छुन्. आणि मी एकदम कराडच्या गॅरेजात नाही. बेंदराचा दिवस आहे, आटपाडीच्या बाजारातून तुम्ही आणलेला पांढरा खिलार खोंड रंगवून, झूल घालून गल्लीच्या टोकाला उभा आहे, आणि तो वळणावर दिसायच्या आधीच त्याची घुंगुरमाळ ऐकू येतेय. "आबा आलं, आबा आलं" म्हणत मी पळतेय. मी बोट वर केलं, अजून एकदा. पोरीनं पुन्हा घेतली. मी पुन्हा बोट वर केलं. ती काचेतून माझ्याकडं बघत होती, दातांत ओठ धरून.

मग गाडी बंद केली, थंड होऊ दिली, आणि टॉर्च आणि दंतवैद्याचा असतो तसला आरसा घेऊन खाली शिरले. हवेच्या पाइपाखाली, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या जागी, सेन्सरच्याच बोल्टला, बोराएवढं एक घुंगरू. एवढं मोठं इंजिन, आबा, एवढे बोल्ट, आणि तुमच्या बायकोला नेमका तोच सापडला! तारेनं बांधलेलं, तार पक्कडीनं पिळलेली, आणि तारेची टोकं आत वळवलेली, कुणाचा हात कापू नये म्हणून. अशी टोकं फक्त तुम्ही वळवायचात. मी तिथंच गाडीखाली आडवी पडून हसायला लागले. पोरगी घाबरून वाकली. तिला आरशात दाखवलं तर तीही खाली बसली आणि आम्ही दोघी खिदळत राहिलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आई," मी ओरडले, "हे काय गं?"

"घुंगरू हाय," आई शांतपणे म्हणाली. "तुज्या आबांच्या खोंडाचं. दिसत न्हाई व्हय?"

"अगं पण तिथं कशाला?"

"वर बांदलं आस्तं तर तू काडलं आस्तंस. दोरा बांदला तर जळंल, म्हणून तार घातली. हलवून बगितलं, वाजत न्हवतं. मी काय येडी हाय का?"

खरंच वाजत नव्हतं. गाडी साधी चालताना ते गप्पच होतं; इंजिन जोरात थरथरायला लागलं की मगच ब्लॉकवर नाचायचं, आणि त्या बिचाऱ्या सेन्सरला वाटायचं पिस्टनवर हातोडे पडतायत. हे मी तिला समजावून सांगितलं. ती नीट ऐकून म्हणाली, "म्हंजे कान चांगला हाय त्येचा." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, पोरीकडं बघून म्हणाली, "ही घाटात एकटी जाणार. त्येंनी आस्तं तर हिच्यासंगं बसून गेलं आस्तं, ऐकलं नस्तं कुणाचं. म्हणलं, त्येंचं कायतरी जाऊ दे संगं." पोरगी उठली आणि तेलकट हातांनीच तिला मिठी मारली. लुगडं गेलं कामातून, पण आई ओरडली नाही. मी तार कापायला पक्कड शोधत होते आणि एकदम डोक्यात उजेड पडला. विचारलं, "आई, तार पिळलीस कशानं?" आई दुसरीकडं बघायला लागली. तुमची पक्कड तिच्याच कपाटात होती, आबा. पंचवीस वर्षं मी ऐकून घेतेय की मी ती कुणाला तरी दिली!

घुंगरू काढलं आणि रेघ पुन्हा निजली, तळाला, सपाट. रविवारी आम्ही सगळे पठाराखाली हजर. गाडीत सुटी वस्तू चालत नाही, म्हणून पोरीनं घुंगरात कापूस कोंबला, रुमालात गुंडाळलं आणि अंगातल्या शर्यतीच्या कपड्याच्या आतल्या खिशात ठेवून चेन ओढून घेतली. जावई जागे होते, हे विशेष. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावर पदर, कानाला चहूकडून वारा. गाडी सुटली. पहिलं वळण दिसलं, दुसरं दिसलं, मग नुसता आवाज. डोंगराच्या पोटातून चढत जाणारा, टर्बोची शीळ, वळणाला जरा खाली, पुन्हा वर. माझा हात आपोआप वर गेला आणि मी म्हटलं, "गप बसा सगळे!" शेजारची अनोळखी माणसं दचकून गप्प झाली. आईनं माझ्याकडं बघितलं आणि तिच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं, पण ती हसत होती. मोहरीचा एक दाणा तडतडला नाही. स्वच्छ, भरलेला, न अडखळणारा आवाज पवनचक्क्यांपर्यंत गेला आणि वर कुणीतरी निशाण हलवलं. इतका आनंद मला कधी झाला होता ते आठवत नाही. मी नाचले, आबा. या वयात, भर रस्त्यात.

पोरगी खाली आल्यावर आईनं विचारलं, "पयली आलीस?"

"नाही आज्जी. पाचवी."

"किती होत्या?"

"आमच्या गटात नऊ."

"मग मदल्यात हाय की!" आई म्हणाली आणि कंदी पेढ्यांचा पुडा फोडून सगळ्या डोंगराला वाटत सुटली. पहिल्या आलेल्यालाही तिनं पेढा दिला आणि सांगितलं की आमच्या पोरीची गाडी ठोकत नाही. त्यानं मान डोलावून घेतला. लॅपटॉपवरची ती सपाट रेघ पोरगी संध्याकाळपर्यंत येईल-जाईल त्याला दाखवत होती, बाळाचा फोटो दाखवावा तशी.

घुंगरू ती चेन्नईला नेणार म्हणते. न्यावं तिनं. पक्कड मी परत गॅरेजात आणलीय, आणि हा कागद घडी घालून टेटसकोपच्या पिशवीत ठेवणार आहे. पिशवी आईच्या कपाटात परत जाईल, लुगड्यांखाली. आईला वाचता येतं पण चष्मा लावायचा कंटाळा, म्हणून तिथं तो सुखरूप राहील. पोरीच्या हाती मात्र पडायला नको, कारण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. दुसऱ्या फेरीलाच मला कळलं होतं, आबा. पहिल्या छुन्लाच ओळखलं होतं मी तुमच्या खोंडाला. तपासायचं काही उरलं नव्हतं. त्यानंतरच्या दोन फेऱ्या मी नुसत्या ऐकायला मारल्या, भारी पेट्रोल जाळून, आणि पोरगी आत जीव मुठीत धरून बसली होती. कामापुरतं ऐकायचं आणि बंद करायचं, हे मला ठाऊक होतं. रागवा आता.